फ्लोट आणि स्की : फिनलंडच्या हवाई दलाची पहिली विमानं

6 मार्च 1918. स्वीडनमधल्या उमेओहून एक विमान उडालं आणि बोथ्नियाचं आखात ओलांडून फिनलंडच्या वासा शहरात उतरलं. वैमानिक होते निल्स किंडबर्ग आणि सोबत विमानाचे मालक, काउंट एरिक फॉन रोझेन. फिनलंडला स्वातंत्र्य जाहीर करून तीन महिने झाले होते आणि देशात यादवी पेटली होती. रोझेन यांनी हे विमान समाजवादी 'लाल' पक्षाविरुद्ध लढणाऱ्या श्वेत पक्षाच्या सैन्याला भेट दिलं. परवानगीशिवाय देश सोडला म्हणून किंडबर्ग यांना स्वीडनमध्ये शंभर क्रोनर दंड झाला. फिनिश हवाई दल मात्र तोच दिवस आपला स्थापना दिन मानतं.

विमानाच्या पंखांवर निळं स्वस्तिक होतं. रोझेन ते आपलं शुभचिन्ह म्हणून वापरत. हवाई दलाने त्याच महिन्यात ते अधिकृत केलं. नाझी पक्षाने स्वस्तिक घेतलं ते त्यानंतर, 1920 मध्ये. रोझेन पुढे नाझी नेता हर्मन गोरिंगचे साडू झाले हेही सांगायला हवं. 1945 मध्ये ते चिन्ह विमानांवरून उतरवण्यात आलं.

विमान होतं थुलिन डी, म्हणजे फ्रेंच मोराने-सोल्निए पॅरासोलची स्वीडिश आवृत्ती. एकच पंख, तोही धडाच्या वर, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. टेहळणीला हे फार सोयीचं. पुढे नऊ सिलिंडरचं, 80 ते 90 अश्वशक्तीचं रोटरी इंजिन. हे इंजिन समजून घ्यायला हवं. आपल्या ओळखीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, फिरतो. इथे क्रँकशाफ्ट पक्का बसवलेला आणि सगळे सिलिंडरच पंख्यासह गरगरतात. वारा लागून ते आपोआप थंड राहतात, रेडिएटरची गरज उरत नाही, वजन कमी. पण एवढा जड गोळा फिरत असल्याने भोवऱ्याचा गुण येतो. वैमानिकाच्या बाजूने पाहता इंजिन उजवीकडे फिरत असेल, तर उजव्या वळणात नाक खाली जातं आणि डाव्या वळणात वर चढतं. नवख्या वैमानिकाने कमी उंचीवर उजवीकडे झपकन वळण घेतलं, तर नाक सावरायला खाली जागा उरत नाही.

वंगणाला एरंडेल, कारण पेट्रोल क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतूनच, जातं आणि एरंडेल त्यात सहज विरघळत नाही. ते पुन्हा वापरता येत नाही, एक्झॉस्टमधून बाहेर फवारलं जातं आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जातं. पोटावर काय परिणाम होतो, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कडाक्याच्या थंडीत तेच तेल घट्ट होतं, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ते गरम करून ओतावं लागतं.

खरं हवाई दल मात्र देणगीच्या एका विमानाने उभं राहत नाही. माझ्या मते फिनलंडच्या बाबतीत ते काम हान्साने केलं. जर्मनीच्या हान्सा-ब्रांडेनबुर्ग डब्ल्यू 33 या समुद्री विमानाचा परवाना 1921 मध्ये घेतला गेला. 4 नोव्हेंबर 1922 रोजी पहिलं फिनिश हान्सा, ए 22, उडालं आणि पुढच्या चार वर्षांत 120 विमानं बनली. देशात मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलंच विमान. आराखडा 1918 चा, म्हणजे तेव्हाच जुना. तरी निवड शहाणपणाची होती. हजारो तळी असलेल्या देशात फ्लोटवाल्या, म्हणजे चाकांऐवजी होडीसारखे पोकळ तरंगते लावलेल्या, विमानाला प्रत्येक तळं म्हणजे धावपट्टी. लाकूड देशातलंच. सगळीकडे एकच नमुना, त्यामुळे एका हवाई तळावर मोडलेल्या विमानाचा भाग दुसऱ्या हवाई तळावर चालतो आणि मेकॅनिकला एकच फियाट इंजिन पाठ करावं लागतं. 300 अश्वशक्तीचं, पाण्याने थंड होणारं. शेपटीची रचनाही विचारपूर्वक केलेली होती : विमान डावीउजवीकडे वळवणारी दिशादर्शक फळी (रडर) खाली लोंबती, म्हणजे मागे बसलेल्या तोफचीच्या समोर काही येत नाही.

अडचणी पाण्यामुळेच येतात. लाकडी फ्लोट हळूहळू पाणी शोषतो. प्रत्येक कप्प्यातलं पाणी उपसलं नाही तर वजन वाढतं आणि विमान पाण्यावरून उठत नाही. ते पाणी गोठलं तर फुगून सांधे उघडतात. त्या काळचा केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, सरसही ओलाव्याने सैल पडतो. तळं अगदी आरशासारखं शांत असेल तर फ्लोट पृष्ठभागाला चिकटून राहतो. तेव्हा वैमानिक आधी विमान गोल फिरवून लाटा उठवतो आणि त्यांवरून उड्डाण घेतो. अशाच शांत पाण्यावर उतरताना उंचीचा अंदाज येत नाही, ते अधिक धोक्याचं.

हिवाळ्यात फ्लोट काढून स्की लावायच्या. रात्रभर उभं ठेवताना स्कीखाली फळ्या किंवा झाडाच्या फांद्या घालायच्या, नाहीतर तळ बर्फाला घट्ट चिकटतो. चिकटलाच, तर माणसांनी शेपूट डावीउजवीकडे हलवून स्की सुटी करायची. विमान उतरलं की इंजिन गरम असतानाच रेडिएटरचं पाणी आणि तेल काढून घ्यायचं आणि सकाळी दोन्ही तापवून परत ओतायचं. पाणी राहून गेलं, तर सिलिंडरचं आवरण तडकतं.

वसंतात आणि शरदात बर्फ स्कीला पातळ पडतो आणि फ्लोटला आडवा येतो. फिनिश भाषेत या काळाला केलिरिक्को म्हणतात. तेवढे आठवडे तळ्यांवरून उडणं जवळजवळ थांबतं. मग विमानं किनाऱ्यावर ओढून घ्यायची, फ्लोट उलटे करून वाळवायचे, सांधे तपासायचे आणि पाणी मोकळं व्हायची वाट पाहायची.