अस्वलाचे पाय कुठे गेले?

नमस्कार. आत्ता इथे बोलायला येण्याआधी एका बाबांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "मुलगी साडेतीन वर्षांची आहे. एकही पुस्तक शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, तिसऱ्या पानावरच अडकते. काय करू?" मी म्हटलं, मग आपण आज तिसऱ्या पानावरच थांबू.

माझा भाचा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याला मांडीवर घेऊन मी एक चित्रांचं पुस्तक वाचत होते. त्यात एक अस्वल होतं, पण कमरेपर्यंतच. खाली पान संपलं होतं. भाच्याने पान उलटून मागे बघितलं. मग पुस्तकच उचलून खाली वाकून बघितलं. मग मला म्हणाला, "पाय?" मी हसले आणि पुढचं पान उलटलं, कारण गोष्ट पुढे होती ना! त्याने माझा हात बाजूला केला आणि पान परत मागे आणलं.

ते पान मी तेव्हा घाईत ओलांडलं होतं. त्याचं म्हणणं मला कितीतरी नंतर कळलं. चित्र चौकटीत कापलं जातं, कापलेला भाग "असतो" पण दिसत नाही, हे आपल्याला कुणी कधी शिकवल्याचं आठवत नाही. पण ते शिकावं लागतं. जुडी डिलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक निरीक्षण मांडलं. नऊ महिन्यांच्या बाळांसमोर वस्तूंचे हुबेहूब रंगीत फोटो ठेवले, तर बाळं ते चाचपतात, चिमटीत धरून उचलायला बघतात. तीच गंमत एकोणीस महिन्यांच्या मुलांमध्ये जवळपास दिसेनाशी होते. ती बोट दाखवतात. पकडण्याकडून दाखवण्याकडे. मधल्या दहा महिन्यांत मुलाच्या डोक्यात केवढी उलथापालथ झाली असेल, बघा. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, हे त्याला उमगायला लागलेलं असतं. पुढे अक्षर आणि आकडा त्याच जमिनीवर उभे राहतात.

आणखी एक उदाहरण सांगते. एकाच पानावर तेच अस्वल चार ठिकाणी काढलेलं असतं: उठतंय, दात घासतंय, जिना उतरतंय, दार उघडतंय. आपण म्हणतो, अस्वलाची सकाळ. मूल म्हणतं, चार अस्वलं! त्याचं काही चुकलेलं नाही. चित्रात चार अस्वलं आहेतच. "हे तेच अस्वल, थोड्या वेळानंतरचं" हा चित्रकाराचा आणि वाचकाचा आपसातला करार आहे आणि मूल अजून त्यात सामील झालेलं नाही. अशा पानावर पाच मिनिटं गेली तर ती सत्कारणी लागली म्हणा.

लहानांसाठी चित्रांचं पुस्तक ही कल्पना तशी जुनी आहे. कोमेनियस नावाच्या, मोरावियातल्या म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या शिक्षकाने 1658 साली न्यूरेंबर्गमध्ये लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांतलं सचित्र पुस्तक छापलं. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले होते आणि तेच आकडे खालच्या मजकुरात, म्हणजे मुलाने शब्द वाचायचा आणि वर चित्रात तो शोधायचा. अक्षरओळख तर प्राण्यांच्या आवाजांनी सुरू होते, पहिलाच मान कावळ्याचा. आपल्या "ण बाणाचा"पेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ण ने सुरू होणारा शब्द सापडेना म्हणून बिचाऱ्या बाणाला वेठीला धरलंय!

तर, वाचायचं कसं? या बाबतीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1988 चा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलं दोन ते तीन वर्षांच्या आसपासची, प्रयोग घरच्या घरी, अवघ्या चार आठवड्यांचा. दोन्ही गटांतले पालक वाचत होतेच. एका गटाला फक्त वाचायची पद्धत बदलायला सांगितली: सलग वाचणं कमी करा, "हो" किंवा "नाही"वर भागतील असे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून त्याला परत द्या. महिन्याभराने या मुलांचं बोलणं चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढे निघालं. वाचन दोघांकडेही होतं, फरक बोलतं कोण यात होता.

भर घालणं म्हणजे काय, ते दाखवते. पानावर पाऊस आहे, कुत्रा भिजलाय.

मूल म्हणतं, "भू-भू."
"हो, भिजलेला भू-भू. काय झालं गं त्याला?"
"पाणी."
"अंगावर पाणी पडलं, म्हणून तो अंग झाडतोय. आता काय करेल?"

आणि इथे गप्प बसायचं. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. आपल्याला ती शांतता सोसत नाही, उत्तर आपणच देऊन मोकळे होतो. मूल तोवर शब्द जुळवतच असतं.

पण याची परीक्षा करू नका, हात जोडून सांगते. "हा कुठला रंग? हे काय? किती आहेत?" असा भडिमार सुरू झाला की मूल मांडीवरून उतरून जातं, आणि त्याने जावंच. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असे प्रश्न थोडे विचारा. "या म्हातारीला कसला राग आला असेल?" याचं उत्तर मलाही ठाऊक नसतं, म्हणून गप्पा होतात.

तेच पुस्तक रोज मागतात, ही तक्रार प्रत्येक ठिकाणी येते. मागू द्या. मानसशास्त्रज्ञ जेसिका हॉर्स्ट यांनी 2011 साली तीन वर्षांच्या मुलांबरोबर करून पाहिलं: नवे शब्द तितक्याच वेळा कानावर पडले, पण काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी. शब्द लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पहिल्या खेपेला मूल गोष्टीच्या मागे धावत असतं. पुढे काय होणार ते कळलं की मग ते शब्दांकडे वळतं. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही.

अक्षरांचं म्हणाल तर मांडीवर बसलेलं मूल मजकुराकडे जवळपास बघतच नाही. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांनी हे दाखवलंय, नजर चित्रावरच असते. त्यामुळे "रोज वाचतो, मग अक्षरं येतील" असं आपोआप होत नाही. अधूनमधून शीर्षकाखाली बोट फिरवा, मोठ्या टायपातला "धप्प!" दाखवा. तेवढं पुरे.

मोजण्याबद्दल मात्र थोडं थांबते. खेळण्यातली बदकं मोजताना मोजलेलं बदक बाजूला सरकवता येतं. चित्रातलं सरकत नाही. मग मूल तळ्याभोवती फिरत दोन बदकं दोनदा मोजतं आणि सात बदकांची नऊ होतात. "चुकलं" म्हणू नका. प्रत्येक बदकावर एकेक मोठं झाकण ठेवायला सांगा आणि मग झाकणं मोजा. उघडझाप करणारी, ओढायची, उभी राहणारी पुस्तकं मजेची असतात, पण अगदी लहान मुलं त्यात खटक्यांशीच खेळत बसतात; चित्रातल्या वस्तूचं नाव शिकायला साधं, स्पष्ट चित्र बरं पडतं. खेळणं म्हणून द्यायला काहीच हरकत नाही.

पुस्तक इंग्रजीतलं असलं तर? चित्रांना भाषा नसते. तुम्ही भांडता, लाड करता त्या भाषेत सांगा. अडखळत वाचलेल्या परक्या वाक्यांपेक्षा मुलाला तुमच्या तोंडची भरभक्कम मराठी जास्त देऊन जाईल.

मागून एका आजींची चिठ्ठी आली आहे: "पुस्तकं फाडतो, कपाटात वर ठेवावीत का?" नको आजी, हाताशी येतील अशी ठेवा, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. जाड पुठ्ठ्याची आधी द्या. फाटलं तर चिकटपट्टी तुम्ही धरा आणि त्याला दाबून बसवायला सांगा. माझ्या भाच्याच्या त्या पुस्तकावर अशा सहा पट्ट्या आहेत. अस्वलाच्या पानाखाली त्याने स्वतः एक कागद चिकटवलाय, आणि त्यावर खडूने दोन पाय काढलेत.