210 किलोंचा शेजारी

(दृश्य : पी-2 जिना चढतो आहे.)

डिसेंबर 1996. होंडा कंपनीने जगाला पी-2 हा दोन पायांवर चालणारा यंत्रमानव दाखवला. उंची 182 सेंटिमीटर, वजन 210 किलो, बाहेरून एकही वायर नाही. तो चालला, पायऱ्या चढला. यामागे दहा वर्षांचं काम होतं. 1986 मधल्या पहिल्या नमुन्याला एकेक पाऊल टाकायला पाच-पाच सेकंद लागायचे. त्याच्याही आधी, 1973 मध्ये, टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातपाय असलेला, जपानीत बोलणारा वाबोट-1 उभा केला होता.

आता हाच पी-2 आपल्या स्वयंपाकघरात आहे असं समजा. ओट्याजवळ आजी बसल्या आहेत, बाळ रांगतंय, आणि पी-2चा तोल गेला. मग?

होंडाने आकार कमी करत नेला. पी-3 आला 130 किलोंचा. 2000 मध्ये असिमो आला, उंची फक्त 120 सेंटिमीटर. दिव्याच्या बटणापर्यंत आणि दाराच्या मुठीपर्यंत हात पोचावा, टेबलावर काम करता यावं, एवढीच ती उंची. त्याच्या धावण्याचं कौतुक खूप झालं. मला मात्र घराकडे बघून ठरवलेली ही उंची जास्त मोलाची वाटते.

(दृश्य : पोमोना, कॅलिफोर्निया. 2015.)

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, अशा ठिकाणी माणसाऐवजी काम करतील अशा यंत्रमानवांसाठी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने स्पर्धा घेतली. दार उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, पायऱ्या चढायच्या. कितीतरी यंत्रमानव धाडकन आडवे झाले. जिंकला दक्षिण कोरियाचा ह्युबो. त्याच्या गुडघ्यांना चाकं होती. सपाट जमिनीवर तो गुडघे टेकून सरळ चाकांवर जायचा. गरज नसताना तोल पणाला लावायचा नाही, हा शहाणपणा त्या संघाकडे होता.

(दृश्य : अमेरिकेतलं गोदाम. डिजिट नावाचा दोन पायांचा यंत्रमानव खोकी उचलतो आहे.)

आज डिजिटसारखे यंत्रमानव गोदामांत राबतात, पण त्यांची जागा माणसांपासून वेगळी राखलेली असते. कारखान्यातल्या यंत्राचं लाल बटण दाबलं की वीज तुटते आणि ते जागीच थांबतं. दोन पायांवरच्या यंत्राची वीज तोडली, तर ते शेजारच्या माणसावर कोसळू शकतं. म्हणून अशा यंत्रांसाठी सुरक्षिततेचं वेगळं आंतरराष्ट्रीय मानक तयार होत आहे. बटण दाबल्यावर त्याने आधी सावकाश खाली बसायला हवं. ते दर वेळी, न चुकता जमेपर्यंत मधलं कुंपण काढू नये.