वाळूच्या बेटांवरून जाणारा रस्ता

मंडळी, फ्लोरिडा म्हटलं की किनारे आणि मगरींच्या दलदली आठवतात. आज दोन्हींकडे पाठ करून द्वीपकल्पाच्या मधोमध जाऊ. हेन्स सिटीहून दक्षिणेला सेब्रिंगकडे राज्य मार्ग १७ जातो. साठेक किलोमीटरचा, संथ, चढउतारांचा. शेजारून २७ क्रमांकाचा महामार्ग धावतो. घाई असेल त्याने तो धरावा, पण मग काहीच दिसलं नाही म्हणून कुरकुर करू नये.

हा रस्ता लेक वेल्स रिज नावाच्या उंचवट्यावरून जातो. तिथले लोक त्याला डोंगराळ भाग म्हणतात. सह्याद्री पाहिलेल्याला हसू येईल, कारण लेक वेल्स गावाजवळचं आयर्न माउंटन जेमतेम नव्वद मीटरचं आहे. पण लाखो वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा बराच वर होता आणि फ्लोरिडाचा बहुतेक भाग पाण्याखाली होता, तेव्हा डोकं वर काढून होती ती हीच टेकाडं. वाळूच्या बेटांची एक रांग! तिथे अडकलेली झाडं आणि प्राणी आपापल्या वाटेने बदलत गेले. पुढे समुद्र हटला, तरी त्यांचं जग बेटापुरतंच राहिलं. पावसाने धुऊन पांढरीफटक झालेल्या या वाळूत ना पाणी टिकतं ना कस, त्यामुळे बाहेरच्यांना तिथे पाय रोवणं अवघड आणि आतल्यांना बाहेर जगणं अवघड.

गाडीतून मात्र तुम्हाला दिसतील तळी आणि संत्र्याच्या बागा. सुंदर आहेत, वाद नाही. पण त्या नेमक्या या रानाच्या जागेवर उभ्या आहेत. थंड हवा उतारावरून खाली सरकते, म्हणून उंचवट्यावर हिमाचा फटका कमी बसतो. शिवाय जमीन कोरडी. बागाईतदाराला आणखी काय हवं? घरं बांधणाऱ्यांनाही हीच जमीन आवडते. मूळ खुरट्या रानापैकी पंधरा टक्क्यांच्या आसपासच आज उरलं आहे. २००५ साली फ्लोरिडात संत्र्यावर ‘ग्रीनिंग’ रोग सापडला, बागा मोडीत निघू लागल्या, आणि त्या जागी रान परतण्याऐवजी वसाहती येताहेत.

आता एका झुडपाची गोष्ट. आपल्या बोराचं नातेवाईक आहे ते, काटेरी. १९४८ मध्ये सेब्रिंगजवळ त्याचा नमुना गोळा झाला. ती वेगळी जात आहे हे जाहीर व्हायला १९८४ उजाडलं, आणि तोवर ती नामशेष झाली असंच समजलं जात होतं. १९८७ मध्ये ती जिवंत सापडली. आनंद थोडा आवरा, कारण पुढची अडचण मोठी निघाली. हे झुडूप स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, आणि उरलेल्या बऱ्याच जागी सगळी झुडपं एकाच मुळापासून पसरलेली, म्हणजे एकच जीव. फुलं येतात, बोर धरत नाही. आयर्न माउंटनवरच्या बॉक टॉवर उद्यानात तिचा संग्रह जपला आहे. एडवर्ड बॉक या संपादकाने उभारलेल्या तिथल्या घंटांच्या मनोऱ्याचं लोकार्पण राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२९ मध्ये केलं. पर्यटक मनोऱ्याचे फोटो काढतात. तुम्ही त्या बोरीची चौकशी जरूर करा.

सेब्रिंगच्याही दक्षिणेला, लेक प्लॅसिडपाशी आर्चबोल्ड संशोधन केंद्र आहे. फ्लोरिडा सोडून जगात कुठेच नसलेला स्क्रब-जे हा निळा-करडा पक्षी तिथे १९६९ पासून अभ्यासला जातोय. त्याची मोठी झालेली पिल्लं लगेच घर सोडत नाहीत, धाकट्यांना भरवतात, ससाण्यावर पहारा देतात. एक पक्षी दर शरदात ओकची हजारो फळं वाळूत पुरून ठेवतो. त्याला लागतो माणसाच्या उंचीच्या आसपासचा खुरटा ओक आणि मध्ये मोकळी वाळू. हे दोन्ही टिकतं आगीमुळे. पूर्वी विजा पडायच्या, रान जळायचं, जमिनीखालच्या खोडातून ओक पुन्हा फुटायचा.

आता आग माणसाला लावावी लागते, तीही वारा पाहून, कारण कुंपणापलीकडे घरं आहेत आणि महामार्गावर धूर गेला तर अपघात. म्हणून जाळणं लांबतं, ओक डोक्यावर जातात, आणि सरकारी संरक्षण असलेल्या, एकही कुऱ्हाड न लागलेल्या रानातूनही स्क्रब-जे निघून जातो.