श्वासातून निघालेले इंग्रजी शब्द आणि चिनी भाषक विद्यार्थी

मित्रहो,

चैतन्य, उत्साह आणि मनोवृत्ती दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांचे एक मोठे कुल लॅटिनमधील ‘अनिमा’ आणि ‘अनिमुस’ या दोन जवळच्या शब्दांपासून निघाले आहे. अनिमा म्हणजे श्वास, वारा, प्राण. अनिमुस म्हणजे मन, धैर्य, इच्छा आणि प्रसंगी संतापसुद्धा. अ‍ॅनिमल, अ‍ॅनिमेट, अ‍ॅनिमेशन, युनॅनिमस, मॅग्नॅनिमस, इक्वॅनिमिटी, अ‍ॅनिमॉसिटी हे सगळे याच घरातले शब्द आहेत. मराठी माणसाला हे कुल फारसे परके वाटू नये, कारण संस्कृतातील ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे, हा धातू त्याच मूळ वंशातला आहे. त्यातूनच प्राण आणि अनिल हे शब्द आले, आणि ज्याला प्राण आहे तो प्राणी, ही आपली व्युत्पत्ती अ‍ॅनिमल या शब्दाच्या व्युत्पत्तीशी तंतोतंत जुळते.

चिनी भाषक विद्यार्थ्याला अशी आयती ओळख मिळत नाही. त्याच्या भाषेत प्राण्याला ‘तोंगवू’ म्हणतात, म्हणजे हलणारी वस्तू, आणि अ‍ॅनिमेशनला ‘तोंगह्वा’, म्हणजे हलणारे चित्र. या कुलातले त्याला सर्वांत आधी भेटणारे दोन्ही शब्द अशा रीतीने हालचालीशी बांधले जातात. अ‍ॅनिमेट म्हणजे हलवणे अशी गाठ एकदा मनात बसली की मनाची स्थिरता सांगणारा इक्वॅनिमिटी हा शब्द त्याच कुलात का आहे, हे त्याला उमगत नाही.

चीनमध्ये इंग्रजी शब्दसंग्रह हा परीक्षेचा विषय आहे. महाविद्यालयीन इंग्रजीची चौथ्या पातळीची राष्ट्रीय परीक्षा 1987 साली सुरू झाली, आणि 1993 साली यू मिनहोंग यांनी बीजिंगमध्ये स्थापन केलेल्या न्यू ओरिएंटल या संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांसाठी शब्द घोकण्याची एक संस्कृतीच उभी केली. पाठांतराच्या दोन युक्त्या तिथे सर्वत्र आढळतात. पहिली ध्वनिसाम्याची : अँब्युलन्स हा शब्द ‘आन पू नंग स्स’, म्हणजे ‘मला मरून चालणार नाही’, या चिनी वाक्यासारखा ऐकू येतो, म्हणून तो तसा लक्षात ठेवायचा. अशा युक्तीने एक शब्द लक्षात राहतो, पण त्याचा शेजारी राहत नाही. दुसरी युक्ती मूळधातूंची, म्हणजे शब्द त्याच्या मुळांत फोडून लक्षात ठेवण्याची, आणि ती मला कितीतरी अधिक मोलाची वाटते. चिनी लिपीतील बहुसंख्य अक्षरांत एक घटक अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. पाण्याशी संबंधित अक्षरांत पाण्याची खूण असते, मनाशी संबंधित अक्षरांत हृदयाची. शब्दाच्या पोटात अर्थाचा तुकडा शोधण्याची सवय या मुलांना पहिलीपासून असते. त्या सवयीला इंग्रजीत काम द्यायला हवे.

अडचण अशी की धातूंच्या याद्यांत ‘अनिम’ या धातूसमोर बहुधा ‘जीवन, चैतन्य’ एवढाच अर्थ छापलेला असतो. मग अ‍ॅनिमॉसिटी, म्हणजे वैरभाव, हा शब्द अपवाद ठरतो आणि वेगळा पाठ करावा लागतो. वास्तविक तो अपवाद नाही, आणि हे समजण्यासाठी चिनी विद्यार्थ्याइतकी अनुकूल जागा क्वचितच कुणाला लाभली असेल. ‘छी’ म्हणजे श्वास, वायू, प्राणशक्ती. ‘शंग’ म्हणजे जन्मणे, जगणे. या दोहोंचा ‘शंगछी’ हा शब्द नाम म्हणून आला की त्याचा अर्थ चैतन्य, आणि क्रियापद म्हणून आला की त्याचा अर्थ रागावणे. वसंत ऋतूतले शेत शंगछीने भरलेले असते, आणि उशिरा घरी आलेल्या मुलावर आई शंगछी होते. आत उसळणारा जो वायू जगवतो तोच भडकतो, ही कल्पना चिनी मुलाच्या जिभेवर रोज असते. लॅटिन अनिमुसचेही तेच आहे. अ‍ॅनिमॉसिटी हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ धडाडी, शौर्य असा होता; सतराव्या शतकात तो वैराकडे झुकला. शिक्षकाने फळ्यावर शंगछी आणि अनिमुस शेजारी शेजारी लिहिले, तर यादीतला अपवाद आपोआप नाहीसा होईल.

पुढचे शब्दही असेच उलगडतात. इक्वॅनिमिटी म्हणजे समतल मन. चिनीत ‘शिनफिंग छीह’ म्हणतात, हृदय सपाट आणि छी शांत. घटकाला घटक जुळतो. प्युसिलॅनिमस म्हणजे इवल्याशा मनाचा, अर्थात भित्रा. चिनीत भित्र्याला ‘तानश्याव’ म्हणतात, म्हणजे ज्याचे पित्ताशय लहान आहे असा. अवयव बदलला, रचना तीच राहिली. युनॅनिमस म्हणजे एकचित्त, आणि चिनीत ‘थोंगशिन’ म्हणजे समान हृदयाचे. परीक्षेच्या पुस्तकात मात्र युनॅनिमससमोर ‘यीच’, म्हणजे सुसंगत, हा कोरडा पर्याय दिलेला असतो, आणि ठरावावर सर्वांची मने एक झाली हे चित्रच हरवते. अ‍ॅनिमेटसाठी तर मी चित्रकलेकडे जाईन. सहाव्या शतकाच्या सुमारास श्ये ह या समीक्षकाने चित्राची सहा तत्त्वे सांगितली, त्यांतले पहिले ‘छीयुन शंगतोंग’ हे आहे : चित्रात छीचा स्पंद असावा आणि ते जिवंत भासावे. कागदावरचा बांबू जागचा हलत नाही, तरी तो जिवंत असतो. अ‍ॅनिमेटचा गाभा हाच आहे, आणि तो तोंगह्वामधून कळत नाही.

अर्थाची वाट अशी सोपी झाली तरी उच्चाराची सोपी होत नाही, आणि इथे फार थोडे शिक्षक थांबतात. चिनीत साधारणपणे एक अर्थघटक म्हणजे एक अवयव, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, आणि त्याचा सूरही बव्हंशी ठरलेला. इंग्रजी हे बंधन पाळत नाही. युनॅनिमस उच्चारताना ‘यु-नॅ-नि-मस’ असे तुकडे पडतात, मॅग्नॅनिमसचे ‘मॅग-नॅ-नि-मस’. धातूचा आरंभीचा स्वर मागच्या व्यंजनात शिरतो आणि कानाला ‘अनिम’ स्वतंत्रपणे ऐकूच येत नाही. त्यात आघात जागा बदलतो : अ‍ॅनिमलमध्ये तो पहिल्या अवयवावर, युनॅनिमसमध्ये दुसऱ्यावर, अ‍ॅनिमॉसिटीमध्ये तिसऱ्यावर असतो. अ‍ॅनिमेट क्रियापद असेल तर त्याचा शेवट ‘मेट’ असा होतो आणि विशेषण असेल तर ‘मट’ असा. सिचुआन किंवा हुनानसारख्या प्रांतांत, जिथे अनेकांच्या बोलीत न आणि ल यांचा भेद पुसट आहे, तिथे अ‍ॅनिमलचा अ‍ॅलिमल होण्याचा धोका असतो. म्हणून हे कुल डोळ्यांनी एकदा आणि कानांनी अनेकदा शिकवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

श्वासाचे दुसरे लॅटिन कुल ‘स्पिरारे’ या क्रियापदाचे. त्यातून स्पिरिट, इन्स्पायर, एक्स्पायर, कॉन्स्पायर हे शब्द आले. एक्स्पायर म्हणजे श्वास बाहेर टाकणे, अखेरचा श्वास सोडणे. चिनीत मरणाला ‘त्वानछी’ म्हणतात, म्हणजे छी तुटणे. कॉन्स्पायर म्हणजे एकत्र श्वास घेणे, आणि संगनमत करणाऱ्यांबद्दल चिनी माणूस म्हणतो की ते एकाच नाकपुडीतून श्वास सोडतात. याहून सुंदर जोड मला माहीत नाही. स्पिरिट हा शब्द मात्र जपून शिकवावा लागतो. चिनी ‘चिंगशन’ या शब्दात मन, मनोबल, तरतरीतपणा हे सगळे येते, आणि विद्यार्थी त्या सगळ्याला स्पिरिच्युअल म्हणून मोकळा होतो. मानसिक ताण तेव्हा इंग्रजीत आध्यात्मिक ताण होऊन बसतो, आणि ऐकणारा इंग्रज श्रद्धा डळमळल्याची कल्पना करतो.

लाइव्ह, अलाइव्ह, लिव्हिंग, लाइव्हली हे इंग्रजीचे अस्सल जर्मानिक, म्हणजे लॅटिनमधून न आलेले, शब्द. या चारांच्या कामाचा मोठा भाग चिनीत ‘ह्वो’ हे एकच अक्षर उचलते. अलाइव्ह नामाच्या आधी येत नाही हे सांगितले नाही, तर बाजारातला जिवंत मासा ‘अलाइव्ह फिश’ होतो. इथे व्युत्पत्तीचा काही उपयोग नाही. वाक्ये म्हणवून घ्यावी लागतात, आणि तीही मासळीबाजारातली, जिथे तो शब्द खरोखर लागतो.