दोरी आहे हे माहितीये, तरी साप दिसतोच

नमस्कार मंडळी! आज सुरुवात माझ्या आत्याच्या चपलेपासून.

आत्या पुण्यात, नारायण पेठेत राहते. डेक्कनला जायचं तर झेड ब्रिज हाकेच्या अंतरावर. पण त्या पुलावर ती पाय ठेवत नाही, कठड्यातून खाली नदी दिसते म्हणे. तिचा रस्ता भिडे पुलावरून, कारण तो जवळजवळ पाण्याला टेकलेला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला, की लकडी पुलाचा वळसा. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय.

तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे एका मॉलच्या गेमिंग झोनमध्ये गेलो. तिथे व्हीआरमधला, म्हणजे आभासी जगातला, फळीचा खेळ होता. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, लिफ्टने उंच इमारतीच्या टोकाला जायचं. दार उघडतं आणि समोर, हवेत, एक लाकडी फळी. तिच्यावरून चालायचं, बाकी काही नाही. खाली मॉलच्या फरशीवर खरीखुरी फळीही ठेवलेली असते.

लिफ्टचं दार उघडलं आणि आत्याने पहिलं काय केलं? चपला काढल्या. "घसरेल रे," म्हणाली. फरशीवर! मी विचारलं, "आत्या, तू आत्ता कुठे आहेस?"

"मॉलमध्येच आहे की. कळतंय मला. पण हात धर."

[थांबणे. कॅमेऱ्याच्या जवळ.]

'कळतंय मला, पण हात धर.' आजचा व्हिडिओ या वाक्यावरच आहे. आपण लहानपणापासून रज्जुसर्पाचा दाखला ऐकलाय. अंधारात दोरी पाहिली, साप वाटला, घाबरलो. दिवा आणला, दोरी दिसली, भीती गेली. ज्ञान झालं की भ्रम जातो. इथे तर दिवा लख्ख होता, दोरी आहे हे आत्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी गुडघे लटपटत होते. म्हणजे मॉलमध्ये वेदान्ताचा दाखला साफ उलटा पडला. (पुण्यात राहतो, या वाक्यावर कुणीतरी शुद्धिपत्र पाठवणारच.)

मेल स्लेटर नावाचे संशोधक यावर बरीच वर्षं काम करतायत. २००९ च्या एका लेखात त्यांनी दोन भास वेगळे काढले. एक, 'मी या जागी आहे' असा. दुसरा, 'हे खरंच घडतंय' असा. आणि खुबी ही, की सगळं खोटं आहे हे माणसाला ठाऊक असतानाही दोन्ही भास टिकतात. पहिला भास चित्र किती सुंदर आहे यावर फारसा अवलंबून नाही. मान वळवली की दृश्य वळलं पाहिजे, वाकलात की खालचं दिसलं पाहिजे, आणि तेही ताबडतोब, साधारण २० मिलिसेकंदांच्या आत. मग इमारती कार्टूनसारख्या असल्या तरी शरीर फसतं.

उंचीचं तर आणखी एक आहे. आपण सरळ उभे असतो तेव्हाही किंचित डोलत असतो. जवळची भिंत, खांब नजरेत सरकताना दिसतात, त्यावरून मेंदू तोल सावरतो. उंचावर जवळ काहीच नसतं. लांबच्या गोष्टी सरकल्याचं जाणवत नाही, आणि डोळ्यांची ती मदत तुटते. हेडसेटमध्ये तेच होतं. कानातलं तोलाचं यंत्र म्हणतं 'सगळं ठीक', पाय म्हणतात 'जमीन आहे', पण डोळ्यांपुढे त्यांचं काही चालत नाही.

आता ती फरशीवरची फळी. ती शोभेला नाही बरं का. २००२ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एका आभासी खोल खड्ड्याच्या काठावर उभं केलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके वाढले. मग पायाखाली जेमतेम दीड इंच उंचीची खरी लाकडी कड ठेवली. ठोके आणखी वाढले. दीड इंच! आपल्या घराचा उंबरठा यापेक्षा उंच असेल. पण बोटांना कड लागली, डोळ्यांना दरी दिसली, दोघांची साक्ष जुळली. मग मेंदू तिसऱ्याला विचारायला जातच नाही.

हेडसेट नसला तरी हे होतं. माझा भाचा पोहायच्या टिळक तलावावर बिनधास्त खोल बाजूला सूर मारतो. तोच पोरगा लॅपटॉपवर 'सबनॉटिका' खेळताना उथळ पाण्यातच घुटमळतो. समुद्राचा तळ जिथे तुटतो आणि निळ्याचं काळं होत जातं, तिथे आला की गपकन मागे. पाण्याची भीती नाही त्याला, न दिसणाऱ्या खोलीची आहे. आणि ती भीती टिळक तलावात जागी व्हायला वावच नाही, तिथे तळाची फरशी दिसते.

जाळं विणणाऱ्या कोळ्यांची भीती तर गेम बनवणाऱ्यांनीच ओळखलीये. 'सॅटिस्फॅक्टरी' नावाच्या गेममध्ये एक सेटिंग आहे. ते चालू केलं की कोळ्यांच्या जागी मांजरांची चित्रं येतात. तुमच्यावर झेप घेणारी सपाट मांजर. मी पाहिलंय, आणि खरं सांगू? मला ती मांजर कोळ्यापेक्षा भयानक वाटली.

भीतीच कशाला, लाज, संकोच, माया, सगळंच आत शिरतं. लंडनमध्ये एका प्रयोगात लोकांना आभासी श्रोत्यांपुढे भाषण करायला लावलं. श्रोते जांभया देणारे, पेंगणारे निघाले, तसा बोलणाऱ्यांना घाम फुटला. २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एका वाहिनीने एका आईची तिच्या गेलेल्या लहान मुलीशी व्हीआरमध्ये भेट घडवली. आई हवेत हात फिरवत होती, मुलीला चाचपत. ते बरोबर की चूक, यावर मी दोनदा स्क्रिप्ट लिहिली आणि दोनदा खोडली. मला ठरवता आलेलं नाही.

परत आत्याकडे. ती फळीवर एक पाऊल टाकते न टाकते, तोच तिथल्या पोराने गंमत म्हणून मागून हलकासा धक्का दिला. आत्याने किंकाळी फोडली आणि हेडसेट ओरबाडून काढला. आणि मी? मी हसत शूट करत होतो. पुढचे आठ दिवस ती गच्चीवर कपडे वाळत घालायलासुद्धा गेली नाही. मग मी ती क्लिप डिलीट केली.

इथे काय बिघडलं? भीती शिगेला असताना पळ काढला, की मेंदू हिशोब मांडतो: 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती दुप्पट. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा आपणच पोसतो. याच्या उलट, झेपेल एवढ्याच उंचीवर, आपल्या मर्जीने, काहीच होत नाही हे शरीराला पटेपर्यंत थांबलं, तर हिशोब बदलतो. म्हणजे भीती ज्ञानाने जात नाही, मुक्कामाने जाते.

आणि मुक्कामाला व्हीआर फार सोयीचं. १९९५ मध्ये अटलांटात बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना आभासी पूल, बाल्कन्या आणि काचेच्या लिफ्टमध्ये नेलं. त्या काळची ग्राफिक्स आज बघाल तर हसाल. पण त्यांतले काही जण नंतर, कुणी न सांगता, खऱ्या उंचीवर जाऊन आले. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने १०० जणांवर चाचणी घेतली. निम्म्यांना व्हीआर. दोन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची साधारण सहा सत्रं, तीही आभासी प्रशिक्षकाबरोबर. झाडावर अडकलेलं मांजर सोडवायचं (इथेही मांजर!), कडेला बसून वाद्य वाजवायचं. त्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. मात्र ते उपचार म्हणून आखलेलं होतं, मॉलमधला खेळ नव्हे. भीतीने रोजचं जगणं अडत असेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

मागच्या मंगळवारी आत्या स्वतःच म्हणाली, "चल रे, त्या फळीवर." गर्दी नव्हती. त्या पोराला आधीच लांब उभं केलं. दार उघडलं, आत्या नुसती उभी. माझ्या घड्याळात नऊ मिनिटं. मग दोन पावलं. मग मान खाली घालून म्हणाली, "गाड्या कशा लावल्यात बघ रे, शिस्त म्हणून नाही."

चपला पायातच होत्या. येताना मी हळूच झेड ब्रिजचा विषय काढला.

"का? भिडे पूल काय वाईट आहे?"