पहिल्या नंबरावर कॅचर

(दृश्य : यँकी स्टेडियम. मैदानावरून डगआउटकडे परतणारे खेळाडू.)

२७ मार्च २०२५. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये मेजर लीग या अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेच्या सीझनचा पहिला सामना, यँकीज विरुद्ध मिलवॉकी ब्रूअर्स. पाहुण्यांची पहिली बॅटिंग नुकतीच आटोपली आहे. इतका वेळ होम प्लेटमागे, म्हणजे बॅट्समनच्या जागेमागे, उकिडवा बसून पिचर (चेंडू टाकणारा) कार्लोस रोडॉनचे चेंडू झेलणारा यँकीजचा कॅचर ऑस्टिन वेल्स लगबगीने आत येतो. तोंडावरची जाळी काढायची, छातीवरचं कवच उतरवायचं, नडगीच्या पॅडचे पट्टे सोडायचे, हेल्मेट बदलायचं, बॅट उचलायची. एरवी कॅचरला या कामाला निवांत वेळ मिळतो. आज नाही, कारण बॅटिंग ऑर्डरमध्ये सगळ्यात वर नाव त्याचंच आहे.

विकेटकीपर सलामीला आला तर आपण भुवया उंचावत नाही. बेसबॉलमध्ये उंचावतात. सतत बसून-उठून कॅचरचे गुडघे कामातून जातात, धावायला तो बहुधा संथ. आणि पहिला नंबर म्हणजे वाऱ्यासारखं पळणाऱ्याची जागा, असं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. रिकी हेंडरसनने कारकिर्दीत तब्बल १४०६ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळत धावेच्या वाटेवरचा पुढचा टप्पा गाठला. पहिल्या नंबरचा खेळाडू म्हटलं की अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे तोच येतो.

मग यँकीजचा मॅनेजर (म्हणजे प्रशिक्षक) ॲरन बूनला हे सुचलं कसं?

थोडी गरज होती. यँकीजचा हुआन सोटो १५ वर्षांच्या, ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर न्यू यॉर्कच्याच मेट्स संघाकडे गेला होता. आदल्या वर्षअखेरीस पहिल्या नंबरावर खेळणारा ग्लेबर टोरेस डेट्रॉइटला. जियानकार्लो स्टँटनची दोन्ही कोपरं दुखावलेली. यादी नव्याने लिहिणं भागच होतं.

पण खरं कारण हिशोबाचं आहे. बेसबॉलमध्ये पहिल्या नंबरचा खेळाडू डावाची सुरुवात हमखास करतो ती एकदाच. नऊ जणांचं चक्र फिरत राहतं, पुढची इनिंग कुणापासूनही सुरू होते. मात्र ज्याचं नाव वर, त्याला खेळायला जास्त वेळा मिळतं. १६२ सामन्यांच्या सीझनमध्ये पहिल्या आणि नवव्या नंबरात शंभराहून जास्त पाळ्यांचा फरक पडतो. या पाळ्या केवळ वेगाने पळतो म्हणून एखाद्याला का द्यायच्या?

दुसरा मुद्दा हाताचा. वेल्स डावखुरा, समोरचा पिचर फ्रेडी पेराल्टा उजवा. डावखुऱ्याला उजव्या हाताचा चेंडू जास्त चांगला दिसतो. आणि वेल्सच्या मागे उभा होता ॲरन जज, आदल्या वर्षी ५८ होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारलेला. खेळण्याजोगे चेंडू न देता वेल्सला फुकटात बेसवर पाठवून जजला सामोरं जायची हौस कोणत्या पिचरला असेल? म्हणजे वेल्सला खेळण्याजोगे चेंडू मिळणारच.

(दृश्य : पेराल्टाची पिच, वेल्सचा फटका.)

मिळाला. चेंडू थेट कुंपणापलीकडे. सीझनच्या पहिल्या सामन्यात आपल्या संघाची बॅटिंग होम रनने उघडणारा मेजर लीगच्या इतिहासातला हा पहिला कॅचर. यँकीजनी सामना ४-२ असा जिंकला.

जाता जाता : सचिन वनडेत पहिल्यांदा सलामीला आला, ऑकलंडमध्ये ४९ चेंडूंत ८२ धावा ठोकल्या, तो दिवसही २७ मार्चच होता. साल १९९४.

वेल्सच्या त्या सामन्यानंतर दोन दिवसांनी बूनने यादी पुन्हा फिरवली. ब्रूअर्सचा पिचर नेस्टर कॉर्टेस डावरा, म्हणून या वेळी वर उजव्या हाताचा पॉल गोल्डश्मिट. वय ३७, फर्स्ट बेसवरचा भारदस्त गडी, एरवी तिसऱ्या-चौथ्या नंबरचा. पहिल्याच चेंडूवर होम रन. मग कोडी बेलिंजर, पहिल्याच चेंडूवर होम रन. मग जज. तोही पहिल्याच चेंडूवर! तीन चेंडू, तीन होम रन, आणि टाकणारा कॉर्टेस आदल्या वर्षापर्यंत यँकीजचाच. दिवसअखेर २०-९, एकूण नऊ होम रन, क्लबचा विक्रम.

यानंतर बॅटिंग ऑर्डरबद्दल कुणी बोलेनासंच झालं. सगळीकडे चर्चा ‘टॉर्पेडो’ बॅटची : जाडी टोकाकडून थोडी हाताकडे सरकवलेली, काही यँकीज खेळाडू वापरत असलेली. त्या दिवशी जजने तीन होम रन मारले, ते नेहमीच्या बॅटने. पण बॅट कॅमेऱ्यात दिसते. डावखुरा-उजवा हिशोब दिसत नाही, मग त्याची बातमी कोण करणार?

वेल्सचं पहिल्या नंबरावरचं बस्तान काही टिकलं नाही. तो खाली सरकला, वर्षभरात २१ होम रन मारले, सरासरी (दर पाळीमागे यशस्वी फटके) .२१९ वर राहिली. पहिली जागा पुढे बऱ्याच सामन्यांत ट्रेंट ग्रिशमकडे गेली. २०२४ मध्ये त्याची सरासरी .१९० होती. २०२५ मध्ये त्याने ३४ होम रन मारले. २७ मार्चला बूनने लिहिलेल्या नऊ नावांत ग्रिशमचं नाव नव्हतं.