गणिताच्या चित्रामागची वजाबाकी

पॅरिसच्या दक्षिणेला साक्लेचं पठार. लाटांसारख्या कमानींची ही इमारत न्यूरोस्पिनची, म्हणजे मेंदूची चित्रं काढणाऱ्या संशोधन केंद्राची. आत शिरण्याआधी खिसे रिकामे करायचे : किल्ल्या, नाणी, एटीएम कार्ड, केसांतल्या पिनासुद्धा. एमआरआय यंत्रातला, द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेला चुंबक अहोरात्र चालूच असतो.

आता यंत्राच्या टेबलावरची तयारी पाहा. इथं आडवा झालेला माणूस गणिताची वाक्यं ऐकणार आहे आणि यंत्र त्याच्या मेंदूचं चित्र काढणार आहे. कानांत बोळे, त्यावर हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या उशा, हाताखाली बटणं. डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी पंचाईत. चित्रातला एकेक ठोकळा साधारण तेवढाच असतो, त्यामुळे शेजारच्या भागाचं माप या भागाच्या खात्यात जमा होतं. म्हणून उत्तर तोंडानं नाही, बटण दाबून द्यायचं. लहान मुलांकडून तर आधी खोट्या स्कॅनरमध्ये पडून राहायचा सराव करून घेतात.

एवढं करूनही यंत्राला विचार दिसत नाही. दिसतो तो रक्ताचा ओघ, तोही पाच-सहा सेकंद उशिरा. शिवाय मेंदू वाक्य ऐकतो, शब्द लावतो, बोट हलवतो. ते सगळं त्याच चित्रात येतं. मग गणित वेगळं काढायचं कसं? वजाबाकी करून. तेवढंच लांब, तितकंच अवघड, पण गणिताचं नसलेलं वाक्य ऐकवायचं आणि पहिल्या चित्रातून दुसरं वजा करायचं. हे दुसरं वाक्य घडवणं, हेच खरं काम. ते सोपं निघालं, तर बाकी उरते ती गणिताची नव्हे, नुसत्या डोकेफोडीची.

या कामात आयुष्य घातलं स्तानिस्लास दआन यांनी. मूळ शिक्षण गणिताचं, डॉक्टरेट मानसशास्त्रात. 1999 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि इतरांबरोबर त्यांनी रशियन-इंग्रजी द्विभाषिकांचे प्रयोग मांडले. ज्या भाषेत बेरजा घोटून घेतल्या, तिच्यात उत्तर चटकन. दुसरीत वेळ लागे. अंदाजे उत्तर मागितलं, तर मात्र भाषेनं फरक पडेना. तीस वर्षं परदेशात काढलेला माणूस हिशेबाला बसला की 'बे दुणे चार' का पुटपुटतो, ते इथं उमगतं.

2016. मारी आमाल्रिक या संशोधिकेसोबत दआन यांचा नवा प्रयोग : यंत्रात 15 गणितज्ञ आणि तितकेच शिकलेले 15 इतर लोक. बीजगणित, भूमिती, संस्थितीशास्त्र (टोपॉलॉजी : ताणल्या-वाकवल्यानं न बदलणाऱ्या आकारगुणांचं गणित) यांतलं एक वाक्य ऐकायचं, चार सेकंद विचार, मग सांगायचं : खरं, खोटं की निरर्थक. वजाबाकीनंतर गणितज्ञांच्या मेंदूत काय उरलं ते पडद्यावर आहे. दोन्ही बाजूंच्या पार्श्विका खंडांतली, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातली, खाच उजळली आहे. साधे आकडे ओळखतानाही हाच भाग राबतो. भाषेचे भाग मात्र जवळपास शांत. पुढे तीन अंध गणितज्ञांमध्येही हेच जाळं सापडलं.

2018 मध्ये दआन फ्रान्सच्या शिक्षण खात्याच्या वैज्ञानिक परिषदेचे अध्यक्ष झाले.

खडखडाट थांबला. टेबल बाहेर सरकतंय. आधी उशा निघतील, मग हेडफोन.